ऊसदराची सरळ रेषा

(निपाणी परिसरातील शिक्षक, ग्रामस्थ व विविध खात्यांचे अधिकारी यांच्यासमोर एका प्रसिद्धी अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय बीजगणितातील आहे, हे ऐकून काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. शिवाय बोलणारा मनुष्य कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने प्रसिद्धी अधिकारी. तेव्हा याने गणितावर का बोलावे, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर सरळ आहे. शासनाने जाहीर केलेले दर, अटी आणि सवलती सोप्या मराठीत लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझ्या खात्याचे काम. हे काम करताना वर्षानुवर्षे एक गोष्ट माझ्या ध्यानात येत गेली. दराचे निवेदन आपण वृत्तपत्रात वाचतो, तेव्हा त्यातील पहिला ठळक आकडा तेवढा आपल्या लक्षात राहतो. बाकीचे आकडे डोळ्यांखालून जातात. वास्तविक त्या निवेदनात एक संपूर्ण सरळ रेषा दडलेली असते, आणि ती शोधून काढण्याची विद्या आपल्या हायस्कुलातील मुलामुलींना शिकविलेली असते. घरात बिल हातात घेऊन वडील विचारात पडलेले असतात आणि शेजारच्या खोलीत मुलगा क्ष आणि य यांची उदाहरणे पाठ करीत असतो. या दोघांची गाठ घालून द्यावी, एवढ्याच हेतूने मी येथे उभा आहे.

निपाणीची जुनी ओळख तंबाखूची पेठ अशी होती. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी येथे झालेले आंदोलन येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आज वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा आणि कृष्णा यांच्या काठी दूरवर दिसतो तो ऊस. सीमेच्या अलीकडे कारखाने आहेत, पलीकडेही आहेत. राज्ये दोन असली तरी उसाचा किमान कायदेशीर दर मात्र एकाच ठिकाणाहून ठरतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली केंद्र सरकार तो प्रत्येक हंगामासाठी ठरविते. पूर्वी त्यास किमान वैधानिक किंमत म्हणत. २००९-१० च्या हंगामापासून त्याची जागा रास्त व किफायतशीर दराने घेतली. बोलताना आपण सर्वजण त्याला एफ.आर.पी. म्हणतो.

आता २०२५-२६ च्या हंगामाचे निवेदन पाहू. साखरेचा उतारा १०.२५ टक्के असल्यास क्विंटलला ३५५ रुपये. उतारा याहून जितका अधिक, त्या प्रत्येक ०.१ टक्क्यास ३ रुपये ४६ पैसे जास्त, आणि जितका कमी तितके त्याच प्रमाणात कमी. मात्र उतारा ९.५ टक्क्यांच्या खाली गेला तरी दर ३२९ रुपये ५ पैशांच्या खाली जाणार नाही. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून निघालेली साखर, किलोत मोजलेली. आणि हा उतारा एका शेतकऱ्याच्या उसाचा नसून संपूर्ण कारखान्याचा सरासरी असतो, हेही येथेच सांगून ठेवतो. आपल्या भाषेत उतारा या शब्दाला कामे फार. जमिनीचा उतारा तलाठ्याकडे, धड्यातला उतारा शाळेत आणि साखरेचा उतारा कारखान्यात. आज आपल्याला तिसऱ्याशीच कर्तव्य आहे.

समजा, वरील निवेदनातील मधले वाक्य आपल्यापर्यंत पोहोचलेच नाही. आपल्याजवळ केवळ दोन जोड्या आहेत. उतारा ९.५, दर ३२९.०५; आणि उतारा १०.२५, दर ३५५. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर उतारा आणि उभ्या अक्षावर दर मांडला, तर हे दोन बिंदू झाले. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, हे आपण शाळेत शिकलो. रेषा एकच असेल तर तिचे समीकरणही एकच असणार. ते शोधण्यासाठी प्रथम रेषेचा चढ काढावयाचा. आडवे किती सरकलो? १०.२५ वजा ९.५, म्हणजे ०.७५. तेवढ्यात उभे किती चढलो? ३५५ वजा ३२९.०५, म्हणजे २५.९५. चढणीला सरकण्याने भागले, २५.९५ भागिले ०.७५, की उत्तर येते ३४.६. हा चढ. उतारा पूर्ण एक टक्क्याने वाढला तर क्विंटलमागे ३४ रुपये ६० पैसे वाढतात, असा त्याचा अर्थ. त्याचा दहावा हिस्सा ३ रुपये ४६ पैसे. न पोहोचलेले वाक्य आपण दोन बिंदूंवरून परत मिळविले.

चढ ही कल्पना या भागातल्या मुलाला परकी वाटू नये. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे गोव्यात उतरणारा लोहमार्ग घाटात ३७ फूट पुढे गेला की सुमारे एक फूट खाली जातो. रेल्वेचे लोक त्याला सदतिसास एक असे म्हणतात. घाटात फूट आणि फूट, उसाच्या दरात टक्का आणि रुपया, इतकाच काय तो फरक. गंमत अशी की, मराठीत आपण ज्याला चढ म्हणतो त्या कल्पनेसाठी कन्नड बोलणारा इळिजारु हा शब्द वापरतो आणि त्या शब्दात भाव उतरण्याचा आहे. एक जण घाट खालून पाहतो, दुसरा वरून. समीकरण आणि सरळ रेषा या शब्दांत मात्र दोन्ही भाषा जवळजवळ एकच उच्चार करतात.

चढ मिळाला, आता समीकरण. कोणताही उतारा क्ष मानू आणि त्याचा दर य मानू. १०.२५ पासून क्ष पर्यंत जितके सरकलो तितक्याला ३४.६ ने गुणावयाचे आणि ३५५ मध्ये मिळवावयाचे:

य = ३५५ + ३४.६ (क्ष − १०.२५)

कंस सोडविला तर ३४.६ गुणिले १०.२५ म्हणजे ३५४.६५. तो ३५५ मधून वजा केला की उरतात पस्तीस पैसे. म्हणून

य = ३४.६ क्ष + ०.३५

येथे थोडे थांबावे अशी माझी विनंती आहे, कारण पुष्कळदा उदाहरण येथे संपले असे समजून वही मिटली जाते. शेवटचे पस्तीस पैसे काय सांगतात? क्ष शून्य असता रेषा उभ्या अक्षाला जेथे छेदते, ती उंची ते सांगतात. ही उंची जवळजवळ शून्य आहे. म्हणजे पैशांच्या गोळाबेरजेत झालेला किरकोळ फरक सोडला, तर रेषा आरंभबिंदूतूनच जाते. ३५५ ला १०.२५ ने भागून पाहा, ३४.६३ येतात. म्हणजे ऊसदर हा उताऱ्याच्या सरळ प्रमाणात आहे. एका क्विंटलमध्ये एक टक्का म्हणजे एक किलो साखर. तेव्हा संपूर्ण निवेदनाचा अर्थ एका वाक्यात असा होतो, की उसातून निघालेल्या प्रत्येक किलो साखरेमागे शेतकऱ्याला सुमारे ३४ रुपये ६० पैसे मिळावेत. वाढीव ०.१ टक्क्याच्या ३ रुपये ४६ पैशांना निवेदनांतून प्रीमियम म्हटले जाते. तो शब्द ऐकला की काही जादा बक्षीस मिळत असल्याचा भास होतो. समीकरण पाहिले म्हणजे कळते की पहिल्या किलोला जो भाव, तोच अकराव्या किलोला. माझ्या मते प्रीमियम हा शब्द येथे शोभत नाही, पण शब्द बदलणे माझ्या अधिकारात नाही.

कारखान्याची बाजूही याच रेषेवर दिसते, तीही सांगितली पाहिजे. २०१९ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने साखरेची किमान विक्री किंमत किलोला ३१ रुपये ठरविली होती. हा आकडा ३४ रुपये ६० पैशांच्या शेजारी ठेवला की कारखानदार काय म्हणतात ते समजते. मळी, बगॅस, वीज, इथेनॉल यांचे उत्पन्न त्यांना निराळे असते, हे त्यावर शेतकऱ्यांचे उत्तर. वाद कोणाचा खरा, हे ठरविण्याचे हे व्यासपीठ नव्हे. मात्र दोघांनाही एकाच समीकरणावर बोट ठेवून बोलता येते, एवढे मला दिसते.

आता समीकरणाची मांडणी बदलण्याकडे वळतो. आपण ऊस टनावर मोजतो, म्हणून सर्व दहापट करू: य = ३४६ क्ष + ३.५. समजा, एखाद्या कारखान्याने टनाला ३,७५७ रुपये ६० पैसे दर काढला. त्याने उतारा किती धरला? प्रश्न उलटा झाला. आता य ठाऊक आहे आणि क्ष शोधावयाचा आहे. दोन्ही बाजूंतून ३.५ वजा करू, मग दोन्ही बाजूंना ३४६ ने भागू:

क्ष = (य − ३.५) ÷ ३४६

३,७५४.१ भागिले ३४६, म्हणजे १०.८५. कारखान्याने उतारा १०.८५ टक्के धरला. हा आकडा कारखान्याने जाहीर केलेल्या उताऱ्याशी जुळतो की नाही, हे आठवीच्या मुलीलाही पाहता येईल.

शाळेत हे शिकविताना आपण एक सूत्र घोकून घेतो: पद पलीकडे गेले की चिन्ह बदलते. सूत्र खोटे नाही, पण त्यामुळे मुलाला वाटते की बरोबरीच्या चिन्हाजवळ काही जकात नाका आहे आणि तो ओलांडताना अधिकाचे उणे होते. तसे काही नसते. वजनकाट्याच्या दोन्ही पारड्यांतून सारखे वजन काढले तर काटा हलत नाही, एवढाच त्यातील न्याय. आपल्याकडे ही विद्या फार जुनी आहे. शके १०३६, म्हणजे १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात राशीला यावत्तावत् म्हटले आहे, आणि अज्ञात राशी अनेक असल्यास त्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिली आहेत. आपला क्ष त्यांचा यावत्तावत्. त्यांचे गाव विजापूरकडचे की खानदेशातल्या पाटणचे, यावर विद्वानांत मतभेद झाले आहेत. तेव्हा सीमेवरील माणसाला त्यांच्याविषयी अधिक आपुलकी वाटावयास हरकत नाही. समीकरणाच्या दोन बाजूंना संस्कृत ग्रंथकार पक्ष म्हणत. पक्ष बदलला की चिन्ह बदलते, हे आपण अलीकडे निवडणुकांमुळे शिकलो असे नाही. सरकारी नोकराने याहून अधिक काही बोलू नये.

मांडणी बदलणे म्हणजे त्याच विधानाला निराळा प्रश्न विचारणे. याचे एक उदाहरण थोडे विस्ताराने घेतो, कारण त्यात बऱ्याच गैरसमजांचे मूळ आहे. २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात आपल्याच जिल्ह्यात ऊसदराचे मोठे आंदोलन झाले. टनाला ३,५०० रुपयांची मागणी होती. बाहेरगावच्या माणसाने त्या वेळी विचारले असेल, की सरकारने ठरविलेला दर जर १०.२५ उताऱ्याला ३,५५० आहे, तर ३,५०० साठी आंदोलन कशाला? प्रश्न वरवर बिनतोड दिसतो. परंतु ३,५५० हा कारखान्याच्या दारातील दर आहे. तोडणी आणि वाहतूक कारखान्याने केली तर तो खर्च त्यातून वजा होतो. शेतकऱ्याची मागणी होती ती हे वजा जाऊन हाती पडणाऱ्या रकमेची. हाती पडणारी रक्कम ह आणि तोडणी-वाहतूक त मानली, तर

ह = ३४६ क्ष + ३.५ − त

आता या एका ओळीला तीन प्रश्न विचारता येतात. तोडणी-वाहतुकीचे आकडे ठिकठिकाणी निराळे असतात, म्हणून केवळ उदाहरणादाखल त हा ७७५ रुपये कल्पू. पहिला प्रश्न: उतारा ११.२५ असता हाती काय पडेल? ३४६ गुणिले ११.२५ अधिक ३.५ म्हणजे ३,८९६. त्यातून ७७५ गेले, उरले ३,१२१. दुसरा प्रश्न: उतारा ११.२५ असून हाती ३,५०० पडावयाचे, तर तोडणी-वाहतूक किती हवी? येथे त एकटा काढावयाचा: त = ३४६ क्ष + ३.५ − ह, म्हणजे ३९६ रुपये. तिसरा: तोडणी-वाहतूक ७७५ च राहून केवळ किमान दराने हाती ३,५०० पडावयाचे, तर उतारा किती हवा? क्ष = (ह + त − ३.५) ÷ ३४६, म्हणजे ४,२७१.५ भागिले ३४६, सुमारे १२.३५ टक्के. तीनही उत्तरे एकाच विधानातून निघाली. मागणी योग्य की अयोग्य, हे समीकरण सांगत नाही. पण दोन माणसे ज्या दोन आकड्यांवरून भांडत आहेत ते एकाच वस्तूचे आकडे आहेत की नाहीत, हे ते निश्चित सांगते.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. २०२१-२२ च्या हंगामात दर क्विंटलला २९० रुपये होता. २०२२-२३ मध्ये तो ३०५ झाला. ठळक अक्षरांत पंधरा रुपयांची वाढ. परंतु २९० हा १० टक्के उताऱ्याचा दर होता आणि ३०५ हा १०.२५ टक्क्यांचा. बिंदूच सरकला होता. अशा वेळी दोन ठळक आकड्यांची वजाबाकी करून भागत नाही, दोन रेषांची तुलना करावी लागते. पहिल्या हंगामात ०.१ टक्क्याला २ रुपये ९० पैसे होते, म्हणून रेषा य = २९ क्ष. अगदी स्वच्छ प्रमाण. दुसऱ्या हंगामात ०.१ ला ३ रुपये ५ पैसे; म्हणून य = ३०५ + ३०.५ (क्ष − १०.२५), सोडवून य = ३०.५ क्ष − ७.६२५. आता एकच उतारा दोन्हींत घालून पाहू. १०.२५ ला जुना दर २९७.२५, नवा ३०५. वाढ पावणेआठ रुपये. ११.२५ ला जुना ३२६.२५, नवा ३३५.५०, वाढ सव्वानऊ. ९.५ ला जुना २७५.५०, नवा २८२.१२५, वाढ साडेसहाच्या थोडी वर. मग पंधरा रुपये वाढ नेमकी कोणत्या उताऱ्याला मिळाली? समीकरण मांडून पाहू:

३०.५ क्ष − ७.६२५ − २९ क्ष = १५

१.५ क्ष = २२.६२५

क्ष सुमारे १५.०८ टक्के. एवढ्या सरासरी उताऱ्याचा कारखाना आपल्याकडे कोणी पाहिलेला नाही. वाढ झाली नाही असे मी म्हणत नाही. ती झाली, प्रत्येकाला झाली, आणि उतारा जास्त त्याला थोडी जास्त झाली. पण ती पंधरा रुपये नव्हती. निवेदनात १०.२५ हा आकडा स्पष्ट छापलेला होता. तो वाचण्याची सवय आपल्याला नव्हती. २०१८-१९ च्या हंगामातही असेच झाले होते. तेव्हा आधार ९.५ वरून १० टक्क्यांवर नेला गेला होता.

ह्या दुसऱ्या रेषेतील उणे ७.६२५ पाहून एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की उतारा शून्य असेल तर शेतकऱ्यानेच कारखान्याला पैसे द्यावयाचे काय? त्याला रागावू नये. रेषा कोठून कोठपर्यंत खरी मानावयाची, हा त्याचा प्रश्न आहे आणि तो गणितातील फार मोलाचा प्रश्न आहे. ही रेषा ९.५ च्या उजवीकडेच खरी. त्याच्या डावीकडे ती मोडते आणि आडवी होते, कारण किमान दराची हमी आहे. आलेख काढताना हा कोपरा मुलांच्या हातून काढून घ्यावा. नियमांतील बहुतेक सवलती अशाच मोडलेल्या रेषा असतात. ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, न दिल्यास सालिना पंधरा टक्के व्याज द्यावे, असे त्याच नियंत्रण आदेशात आहे. एक लाख रुपये थकले तर चौदा दिवसांपर्यंत व्याजाची रेषा शून्यावर आडवी, आणि पुढे रोज सुमारे ४१ रुपये १० पैशांनी चढणारी.

तोडणी-वाहतुकीचा हिशेबही दोन पावत्यांवरून उलगडता येतो, जेथे वाहतूक अंतराप्रमाणे आकारली जाते तेथे. पुन्हा कल्पिलेले आकडे घेऊ. दहा किलोमीटरवरील गावाला टनामागे एकूण ६४० रुपये कापले आणि पंचवीस किलोमीटरवरील गावाला ७७५. पंधरा किलोमीटरला १३५ वाढले, म्हणजे किलोमीटरला नऊ. दहा किलोमीटरचे नव्वद ६४० मधून काढले तर राहिले ५५०; हा अंतराशी संबंध नसलेला खर्च, म्हणजे तोडणी आणि भरणी. त = ९ अ + ५५०. आता तिसऱ्या गावची पावती आणा. तिचे अंतर घातल्यावर उत्तर जुळले तर तिन्ही गावांना एकच नियम लावला गेला आहे. न जुळले तर चौकशी करण्यास जागा आहे. ती चौकशी पावत्या समोर ठेवून, सौजन्याने करावी.

शिक्षक मित्रांना एक सूचना करावीशी वाटते. कर्नाटकातील मराठी माध्यमाच्या पुस्तकांत आणि पलीकडे महाराष्ट्रातील पुस्तकांत दोन चलांतील रेषीय समीकरणे आहेत, उदाहरणेही पुरेशी आहेत. पण पेन आणि वह्यांच्या किमती, बापलेकांची वये, यांपलीकडे ती फारशी जात नाहीत. वर्गात ऊस पिकविणाऱ्या घरांतील मुले बसलेली असतात. वेगळे साहित्य लागत नाही. घरातील जुने बिल आणावयास सांगावे, नाव झाकून आकडे फळ्यावर लिहावेत. आलेख काढताना आडवा अक्ष शून्यापासून सुरू करण्याचा आग्रह धरू नये, नाहीतर सर्व बिंदू कागदाच्या एका कोपऱ्यात गर्दी करतील. नऊपासून बारापर्यंतचा भाग मोठा करून घ्यावा. मात्र तसे केल्यावर रेषा उभ्या अक्षाला कागदावर जेथे भेटते ती जागा शून्याची नव्हे, हे आवर्जून सांगावे. येथे भलेभले चकतात. ज्या घरी ऊस नाही त्यांना विजेचे बिल घेता येईल. त्यात स्थिर आकार आणि युनिटचा आकार असतोच, तोही रेषेचाच प्रकार.

ग्रामस्थांना माझे सांगणे एवढेच की, हंगामाचा दर वाचताना तीन आकडे एकत्र टिपून ठेवावेत. कोणत्या उताऱ्याला, किती रुपये आणि ०.१ टक्क्याला किती. यांतील एक जरी सुटला तरी रेषा काढता येत नाही. अधिकारी मित्रांनीही गावच्या फलकावर दर लिहिताना हे तिन्ही लिहावेत. खडू तेवढाच लागतो.

आता शाळांसाठी एक उदाहरण देऊन रजा घेतो. २०२३-२४ च्या हंगामात १०.२५ टक्क्यांना क्विंटलला ३१५ रुपये आणि ०.१ टक्क्याला ३ रुपये ७ पैसे. २०२४-२५ मध्ये त्याच १०.२५ ला ३४० रुपये आणि ०.१ ला ३ रुपये ३२ पैसे. दोन्ही रेषांची समीकरणे काढावीत आणि त्या कोठे छेदतात ते शोधावे. ताळा पाहण्यासाठी उत्तर सांगून ठेवतो: पाव टक्का उताऱ्यावर, आठ रुपये दराला. ९.५ च्या पुढे नवी रेषा जुन्या रेषेच्या किती वर राहते, आणि या वेळी पंचवीस रुपयांची वाढ खरोखर पंचवीस होती काय, हे मुलांनी स्वतः काढावे.